थंडीच्या दिवसांत लाकडाला पॉलिश

लग्नसराई आणि थंडी आपल्याकडे बरोबरच येतात. तुळशीचे लग्न झाले की माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. मग सुताराच्या दारात गर्दी होते. कोणाला पलंग हवा, कोणाला कपाट, कोणाला देव्हारा, तर कोणाला पाट आणि चौरंग. लाकूड कापणे, रंधणे, सांधे बसवणे ही कामे थंडीत अडत नाहीत. उलट गारठ्यात अंगाला ऊब यावी म्हणून रंधा जरा जोरातच चालतो. काम अडते ते अगदी शेवटी. पॉलिश वाळत नाही. वाळले तर पांढरे पडते. पांढरे नाही पडले तर हाताला चिकटते. आणि गिऱ्हाईक तर दारात उभे असते.

"मिस्त्री, परवा हळद आहे. पलंग कधी देताय?"

"तयार आहे भाऊ. फक्त हात लावू नका."

हा 'हात लावू नका'चा घोळ का होतो, आणि तो टाळावा कसा, ते आपण पाहू.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात कसली आली आहे थंडी? बर्फ तर पडत नाही. खरे आहे. पण नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडच्या माणसाला विचारा. तिथे थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. द्राक्षे तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. आणि त्याच गावात दुपारी अंगातला सदरा काढावा असे ऊन असते. एकाच दिवसात हिवाळाही आणि उन्हाळाही. सुताराची शेड बहुधा पत्र्याची, दोन बाजूंनी उघडी. रात्री आभाळ निरभ्र असले की पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. सकाळी त्या शेडमधले लाकूड दगडासारखे थंड लागते. आपल्या थंडीची खोड ही अशी आहे. ती सारखी गार नसते, ती बदलत राहते. पॉलिशला हा बदलच जास्त बाधतो.

आता पॉलिश वाळते म्हणजे काय होते? सगळी पॉलिशे एकाच रीतीने वाळत नाहीत. ही गोष्ट एकदा समजली की पुढचे सारे सोपे आहे.

पहिली रीत ओल्या धोतराची. धोतर दोरीवर टाकले की पाणी उडून जाते आणि कापड राहते. लाखेचे पॉलिश असेच वाळते. स्पिरिटमध्ये लाख विरघळवलेली असते. स्पिरिट उडून जाते, लाख लाकडावर राहते. दुसरी रीत तेलाची. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होते. तव्याच्या कडेला तेलाचा चिकट, मग कडक थर बसतो ना, तशातलाच हा प्रकार. तेलाचे वार्निश, तेलरंग हे याच जातीचे. तिसरी रीत अलीकडची. दोन डब्यांतली द्रव्ये एकत्र केली की ती एकमेकांत मिसळून आपोआप घट्ट होतात. मेलामाइन पॉलिश हे यातले.

थंडीने तिन्ही कामे मंदावतात, पण सारखी नाहीत. उडून जाण्याचे काम थंडीत थोडे सावकाश होते, पण होते. प्राणवायू घेऊन घट्ट होण्याचे काम फारच रेंगाळते. ढोबळ हिशेब असा, की हवा १० अंशांनी गार झाली की हे काम निम्म्या वेगाने चालते. उन्हाळ्यात रात्रभरात वाळणारे वार्निश थंडीत दोन दिवस घेते, कधी तीन. म्हणून थंडीत घाईचे काम असेल तर लाखेचे पॉलिश बरे.

लाख आपल्याच देशातली. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा राहतो. तो रस शोषतो आणि अंगावर राळेसारखे कवच करतो. ते कवच म्हणजे लाख. झारखंड, छत्तीसगड या भागांत ती भरपूर होते. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यातही लाखेची शेती करणारे लोक आहेत. लाखेचा अभ्यास करण्यासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे संस्था निघाली. ही लाख वितळवून, गाळून, तिचे पातळ पापुद्रे करतात. तीच बाजारात चपडा लाख म्हणून मिळते.

पॉलिश घरी करायचे तर एक लिटर स्पिरिटला साधारण दीडशे ग्रॅम चपडा लाख घ्या. लाख कुटून बारीक करा, कारण थंडीत ती विरघळायला वेळ लावते. काचेच्या बरणीत घाला. लोखंडी डब्यात नको. लोखंडाने पॉलिश काळवंडते. रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, मग मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या. बरणीवर तारीख लिहा. लिहायला शिकलात ना, मग लिहाच. लाखेचे पॉलिश जुने झाले की ते नीट वाळत नाही, कितीही ऊन द्या, चिकटच राहते. सहा महिन्यांपूर्वीचे असेल तर आधी काचेच्या तुकड्यावर एक हात मारून पाहा. तास-दोन तासांनी नखाला चिकटले, तर ते पलंगावर लावू नका. अशा वेळी बिचाऱ्या थंडीला उगीच दोष जातो.

आता पांढरे पडण्याची गोष्ट. हीच मुख्य.

दवाखान्यात सुई टोचण्याआधी कापसाने स्पिरिट लावतात. दंड कसा गार पडतो! स्पिरिट उडताना दंडातली ऊब घेऊन जाते म्हणून तसे वाटते. लाकडाचेही तेच होते. पॉलिशचा हात मारला की स्पिरिट उडू लागते आणि लाकडाचा वरचा थर आणखी गार होतो. मुळातच लाकूड थंडगार, त्यात ही भर. हवेत थोडी वाफ नेहमी असते. थंड वस्तूला लागली की तिचे पाणी होते. गार पाण्याचा लोटा बाहेरून भिजतो तो याच कारणाने. तसे अगदी बारीक थेंब ओल्या पॉलिशवर जमतात आणि वाळणाऱ्या लाखेत अडकून बसतात. मग शिसवी देव्हाऱ्यावर दुधाचा हात फिरवल्यासारखा पांढुरका डाग दिसतो. पावसाळ्यात हे जास्त होते, कोकणात तर फारच. पण थंडीत सकाळी-संध्याकाळी दव पडते त्या वेळी देशावरही होते.

यावरून कामाची वेळ ठरते. पहाटे उठून पॉलिश करण्यात शहाणपण नाही. पहाटे रंधा मारा, काचकागद घासा, भेगा भरा. लाकूड उन्हाने जरा कोमट होऊ द्या. दहा-साडेदहानंतर पॉलिशला हात घाला. दुपारी तीनच्या सुमारास शेवटचा हात संपवा, म्हणजे दव पडण्याआधी तो वाळून जाईल. चार तासांचे हे काम आहे, असे धरून चाला. "मिस्त्री, दिवे लावून रात्री उरकून टाका की," असे गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू द्या. रात्री उरकलेले काम सकाळी पुन्हा करावे लागते.

वेळ योग्य आहे की नाही हे घड्याळापेक्षा पत्र्याचा तुकडा चांगले सांगतो. एक स्वच्छ पत्रा किंवा काच लाकडाजवळच रात्रभर ठेवा. सकाळी त्यावरून बोट फिरवा. बोटाची रेघ उमटली, ओल लागली, तर लाकडावरही ओल आहे. लाकूड ती पिऊन टाकते म्हणून डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. पत्रा कोरडा झाल्यावरही अर्धा-पाऊण तास थांबा, कारण जाड लाकूड पत्र्यापेक्षा सावकाश तापते.

लाकूड तापवायचे तर त्याला उन्हात नेऊन ठेवावे का? थोडा वेळ चालेल. पण तापलेल्या फळीवर लगेच पॉलिश लावू नका. लाकडाच्या बारीक छिद्रांत हवा असते. ती उन्हाने फुगते आणि ओल्या पॉलिशमधून फोड काढत बाहेर येते. उन्हातून सावलीत आणा, हाताला कोमट लागेल इतपत निवू द्या, मग काम करा. सर्वांत चांगले म्हणजे आदल्या दिवशीच वस्तू राहत्या घरातल्या खोलीत आणून ठेवावी. घरात माणसे असतात, चूल असते, भिंती जाड असतात. पलंग आणता येणार नाही, पण देव्हारा आणि चौरंग येतील. पॉलिशची बाटलीही रात्री घरात ठेवा, मात्र चुलीपासून दूर आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी.

पत्र्याच्या शेडचा आणखी एक त्रास असतो. रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला दव जमते आणि सकाळी ऊन लागले की थेंब टपटप पडू लागतात. एक थेंब नेमका पलंगाच्या उशाकडच्या फळीवर पडतो. कुठे पडावा याची त्याला बरोबर अक्कल असते! पत्र्याखाली जुनी गोणपाटे बांधली तर थेंब अडतात आणि शेडही थोडी कमी गारठते.

इतके करूनही डाग पडला तर घाबरू नका. ओरबाडू नका, वरून आणखी पॉलिशही थोपू नका. कोरड्या दुपारची वाट पाहा. मऊ कापडाच्या बोळ्याला अगदी थोडे स्पिरिट लावा, बोळा दाबून जवळजवळ कोरडा करा, आणि डागावरून हलका फिरवा. थांबवू नका, एका बाजूने या आणि दुसऱ्या बाजूने निघून जा. लाखेचा वरचा थर जरा मऊ पडतो, अडकलेले पाणी निघून जाते, पांढरेपणा जातो. बोळा जास्त ओला असेल तर मात्र खालचे पॉलिशही निघेल. म्हणून आधी पलंगाच्या आतल्या बाजूला करून पाहा.

तेलाच्या वार्निशचे पथ्य वेगळे. ते पांढरे कमी पडते, पण थंडीत काकवीसारखे घट्ट होते. ब्रश ओढला तर रेघा राहतात. मग पुष्कळ जण त्यात टर्पेंटाइन ओततात. थोडे घातले तर हरकत नाही. पण फार पातळ केले की उभ्या बाजूवर ओघळ येतात, आणि थर इतका बारीक बसतो की तकाकी येत नाही. त्यापेक्षा डबा गरम पाण्यात ठेवा. घमेल्यात कढत पाणी घ्या, ते चुलीपासून लांब आणा, मग झाकण सैल करून डबा त्यात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वार्निश सैल होते. डबा चुलीवर ठेवू नका, कधीही नाही. स्पिरिटचे तर नावच नको. त्याची वाफ साध्या खोलीच्या उबेतही पेट घेते.

हवा १० अंशांच्या खाली असेल तर वार्निश लावूच नये. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक फार महाग नसतो, एक घेऊन ठेवा. लावायचेच तर थर पातळ द्या, आणि दोन हातांमध्ये दुप्पट वेळ सोडा. वरून कोरडे दिसले तरी आत ओले असू शकते. अंगठा दाबून थोडा पिळा. खुणा उमटल्या किंवा थर सरकला, तर अजून अवकाश आहे. वास येत असला तरी अवकाश आहे.

मेलामाइनमध्ये घट्ट करणारे द्रव्य थंडीत जास्त घालण्याची युक्ती काही कारागीर करतात. ती करू नये. डब्यावर प्रमाण छापलेले असते, तेवढेच घ्यावे. जास्त घातले तर आज लवकर वाळेल, पण पुढे पापुद्रा ठिसूळ होऊन तडकेल. सरस आणि पांढरा फेव्हिकॉल यांचीही थंडीत तऱ्हा होते. गरम सरस थंड लाकडावर लावला की सांधा दाबायच्या आतच गोठतो, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजू आधी कोमट कराव्या लागतात. पांढरा फेव्हिकॉल फार गारठ्यात वाळला तर खडूसारखा भुकटीचा होतो आणि सांधा पकडत नाही. सांधा बसवल्यावर कडेला आलेला चीक असा भुरभुरीत दिसला, तर त्या सांध्यावर माणूस झोपवू नका. उकलून पुन्हा बसवा.

सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांना मात्र यातला पुष्कळ त्रास होत नाही. चरकावर लाकूड गरगर फिरत असते, कारागीर त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतो. घासण्याने ऊब येते, लाख वितळते आणि लाकडावर बसते. स्पिरिट नाही, वाळवणे नाही. पण पलंग काही चरकावर फिरवता येत नाही.

आता जिवाच्या गोष्टी. त्या तीन आहेत.

जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्या आपोआप पेटतात. वाचून हसू येईल, पण हे अगदी खरे आहे. तेल प्राणवायू घेते तेव्हा थोडी ऊब निघते. चिंधी पसरलेली असेल तर ती ऊब हवेत जाते. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ऊब आतच कोंडते, वाढते, आणि काही तासांनी, सगळे झोपल्यावर, धूर निघू लागतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा नावाच्या ३८ मजली इमारतीला अशाच चिंध्यांमुळे आग लागली. लाकडी तक्तपोशीला तेल लावून कामगार चिंध्या तिथेच सोडून गेले होते. आग विझवायला गेलेले ३ जवान त्यात मेले. तेव्हाही थंडीचेच दिवस होते. बाहेरच्या थंडीने ही आग टळत नाही. म्हणून काम संपले की तेलाच्या चिंध्या पाणी भरलेल्या डब्यात बुडवा, किंवा उघड्यावर एकेक सुटी करून दोरीवर वाळत टाका. लाकडाच्या भुश्यात तर चिंधी मुळीच टाकू नका.

दुसरी गोष्ट शेगडीची. शेड गरम करावी म्हणून कोणी दारे-खिडक्या लावून आत कोळशाची शेगडी ठेवतो. स्पिरिट आणि टर्पेंटाइन जिथे आहे तिथे विस्तव म्हणजे आगीला आमंत्रणच. पण आग लागली नाही तरीही शेगडी मारते. कोंडलेल्या जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. उत्तरेकडे दर थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसे अशी दगावतात. शेकायचे तर अंगणात शेका, आणि पॉलिशच्या हातांनी शेकायला बसू नका.

तिसरी गोष्ट स्पिरिटची. गारठ्यात एखाद्याला वाटते, बाटलीत दारूसारखेच काहीतरी आहे, एक घोट घेतला तर ऊब येईल. पॉलिशचे स्पिरिट पिण्याजोगे राहू नये म्हणून त्यात कडू आणि विषारी द्रव्ये मिसळलेली असतात. कधी त्यात मिथेनॉल असते. मिथेनॉल थोडे पोटात गेले तरी डोळे जातात, जास्त गेले तर जीव जातो. २०१५ साली जून महिन्यात मुंबईत मालवणी भागात मिथेनॉल असलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांतले बहुतेक रोजावर काम करणारे होते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' असे लिहून ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट ठेवूच नका. मुले तहानेने तीच उचलतात. चुकून कोणी प्यायलेच, तर बरे वाटते आहे म्हणून थांबू नका. मिथेनॉलचा त्रास कित्येक तासांनी उठतो. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा.

राहता राहिली माल पोचवण्याची गोष्ट. पॉलिश वाळले, अंगठ्याला लागत नाही, म्हणून लगेच वर्तमानपत्र गुंडाळून दोरीने आवळू नका. थंडीत आतला थर कितीतरी दिवस कोवळा असतो. कागद चिकटतो आणि नव्या पलंगावर बातम्या छापून येतात. दोरीचे वळ उठतात. प्लास्टिक तर त्याहून वाईट, आत ओल धरते. लाखेच्या पॉलिशला चार-पाच दिवस आणि तेलाच्या वार्निशला थंडीत दोन आठवडे मोकळी हवा द्या. तितके दिवस नसतील तर टेम्पोत जुनी सुती लुगडी सैल पांघरा, दोरी फक्त पायांना बांधा, आणि घरच्या मंडळींना सांगून या: "गादी आत्ता घालू नका. चार दिवस नुसती चटई टाका, आणि वर गरम चहाचा कप ठेवू नका." लाखेच्या पॉलिशवर गरम कपाचा पांढरा गोल उमटतो, आणि तो काढायला मिस्त्रीलाच पुन्हा बोलावणे येते.